माहीत असलेले दोष

डूम या नेमबाजीच्या संगणक-खेळाच्या लेव्हल्स ज्यात बनवतात, त्या एडिटरमध्ये शत्रू म्हणजे नकाशावरचा एक ठिपका आणि त्या ठिपक्यात एक बारीक बाण. बाण ज्या दिशेला, त्या दिशेला शत्रूचं तोंड. खेळणाऱ्याला तो बाण कधीच दिसत नाही. बनवणाऱ्याला मात्र प्रत्येक इंपसाठी, प्रत्येक बंदूकवाल्यासाठी ठरवावं लागतं, की दार उघडून आत येणाऱ्याला याचं तोंड दिसावं की पाठ. माझा मामेभाऊ लेव्हलमधला पहिला शत्रू कायम पाठमोरा ठेवायचा. गोळीचा आवाज होईपर्यंत किंवा आपण त्याच्या नजरेच्या टप्प्यात जाईपर्यंत तो तसाच उभा. "उंबऱ्यातनं आत पाऊल टाकल्या टाकल्या कुणी अंगावर धावून येतंय होय? आधी नीट आत तर येऊ दे की माणसाला," असं दादाचं म्हणणं.

दादा २०१७ मध्ये गेला. माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्या वस्तू आमच्या घरात पुष्कळ आहेत. आजोबांचा चष्मा आहे, आत्याच्या अक्षरातली पदार्थांची वही आहे. त्या हातात घेतल्या की ते माणूस आठवतं. दादाच्या लेव्हल्सचं तसं नाही. त्या उघडल्या की तो मला आठवतोच, पण त्याहून जास्त जाणवतं ते हे, की त्या रचताना त्याला मी आठवत होते. मी कुठे वळेन, कशाला घाबरेन, कुठल्या क्षणी माझ्या गोळ्या संपतील, हे त्याने माझ्या आधी माझ्या जागी उभं राहून पाहिलेलं असतं. नेमबाजीच्या खेळांविषयी लिहिताना लोक बंदुकीविषयी लिहितात. माझ्या बाबतीत तरी हे खेळ म्हणजे कुणीतरी आपला इतका बारकाईने विचार केल्याची जागा आहे.

मामाचा संगणक वर्ग सांगलीत गावभागात होता. खाली वर्ग, वर माडीवर घर. डॉस, वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो शिकायला पोरं यायची, चपला बाहेर काढून, कारण आत एसी आणि मशिनांवर प्लास्टिकची कव्हरं. शेवटची बॅच सुटली की मामा हिशेबाची वही घेऊन माडीवर जायचा आणि दादा कोपऱ्यातल्या ४८६ संगणकावर डूम लावायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच असायचे. मुलींनी असले खेळ खेळू नयेत असं त्या घरात कुणी म्हटलं नाही. मामी एकदा खाली येऊन बघून गेली आणि एवढंच म्हणाली, "आवाज बारीक करा रे, वर कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात."

डूमच्या आधी आमची ओळख होती ती एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशिनांशी. एक टोकन, एक डाव. नामकोचा गॅलागा हा १९८१ चा खेळ. आमच्यापर्यंत पोचेतो त्याच्या काचेवर ओरखडे आणि सिगारेटचे चटके होते. बरे गुण पडले की मशीन तीन अक्षरं लिहू द्यायचं. दादा आपली आद्याक्षरं लिहायचा, मागे सरकून बघायचा, आणि मगच मला ओढत बाहेर न्यायचा. दुसऱ्या दिवशी तिथे काही नसायचं. त्या काळच्या बहुतेक मशिनांना गुण साठवून ठेवायची सोयच नव्हती. रात्री मालकाने मेन स्विच बंद केला की सगळी नावं गेली. दादाने त्याला एकदा विचारलंही होतं, रात्रभर चालू ठेवलं तर काय बिल येईल म्हणून.

ते खेळ देखणे होते आणि निर्दय होते. त्यांत जिंकणं असं नव्हतंच. अटारीच्या १९८० च्या मिसाइल कमांडमध्ये सहा शहरं वाचवायची असतात, आणि ती वाचत नाहीत. कितीही चांगले खेळा, मारा वाढत जातो आणि शेवटी पडद्यावर 'द एंड' अशी अक्षरं येतात. तो बनवणाऱ्या डेव्ह थ्यूररला त्या दिवसांत अणुयुद्धाची स्वप्नं पडत, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. समोर कोण उभं आहे याच्याशी त्या मशीनला देणंघेणं नसतं. सांगलीतली बारा वर्षांची मुलगी असो नाहीतर टोकियोतला कारकून, सगळ्यांना एकच मरण.

स्पेस इनव्हेडर्सची गोष्ट दादाने मला फार पुढे सांगितली, पण ती इथेच यायला हवी. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी तो खेळ बनवला. पाच रांगा, एकेका रांगेत अकरा, असे पंचावन्न शत्रू डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात. त्या प्रोसेसरला एवढी चित्रं हलवणं जड जायचं, म्हणून सुरुवातीला सगळे संथ. एकेक मेला की काम हलकं व्हायचं आणि उरलेले जोरात चालू लागायचे. शेवटचा एकटा उरला की तो सुसाट. हे निशिकादोंनी ठरवून केलेलं नव्हतं, ती यंत्राची कमकुवत बाजू होती. त्यांना ती दिसली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली, कारण खेळताना छाती धडधडायची ती त्यामुळेच. दादाला ही गोष्ट इतकी प्रिय होती की पुढे वर्ग त्याच्याकडे आल्यावर मुलांना लूप शिकवताना तो तीच सांगायचा. फळ्यावर पंचावन्न फुल्या काढायचा आणि एकेक पुसत जायचा.

आणखी एक वस्तू त्याने मला दाखवली होती, ती मी विसरत नाही. त्याच्या एका मित्राकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम होता, त्याबरोबर प्लास्टिकची बंदूक. डक हंट, निन्टेंडोचा १९८४ चा खेळ. बदकं उडायची आणि आपण टीव्हीवर नेम धरायचा. नेम बरोबर लागला हे टीव्हीला कळतं कसं, या एका प्रश्नापायी दादाने मित्राची बंदूक उघडली. आत सुटून जाईल असं काहीच नव्हतं. नळीच्या आत एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा एक बारका भाग. चाप ओढला की पडदा एका क्षणापुरता काळा होतो, पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो पांढरा उजेड आपल्याला दिसला का, एवढंच ती बंदूक बघते. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, पडद्यावरचा उजेड तिच्यात येतो. दादा ती उघडी बंदूक डोळ्याला लावून बसला होता. "चिमे, हा डोळा आहे गं," म्हणाला. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र ज्या वेगाने आणि ज्या क्रमाने उमटायचं, त्यावर हा सगळा हिशेब बेतलेला होता. आताच्या चपट्या टीव्हीसमोर त्या बंदुकीला काही दिसत नाही. खेळ आहे, बंदूकही कुणाच्या तरी माळ्यावर असेल, पण त्यांना जोडणारा पडदाच राहिलेला नाही.

डूम आला तो १० डिसेंबर १९९३ ला. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरच्या लोकांनी तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला आणि घ्यायला टपलेल्यांच्या गर्दीने तो सर्व्हर कोसळला. पहिला भाग, नऊ लेव्हल्सचा, फुकट होता. आम्हाला तो संगणक मासिकाबरोबरच्या सीडीवर मिळाला, आणि मग पुण्याहून कुणीतरी आणलेल्या सीडीवर उरलेला. पण दादाच्या आयुष्याला वळण लागलं ते खेळाने नाही, इडच्या जॉन कारमॅकच्या एका निर्णयाने. खेळ चालवणारा प्रोग्राम त्याने वेगळा ठेवला आणि नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं वेगळ्या फाइलीत ठेवलं, ज्याला वॅड म्हणतात. आधीच्या वुल्फेनस्टाइन या खेळाच्या फाइली चिरफाडून लोकांनी नवी दालनं केली होती, ते त्याला आवडलं होतं; या खेपेला त्याने दार मुद्दाम उघडं ठेवलं. १९९४ च्या जानेवारीतच न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबरने लेव्हल बनवायचा एडिटर काढला. तो एडिटर आणि जगभरच्या हौशी लोकांच्या लेव्हल्स सीडीवर चढून विकल्या जाऊ लागल्या, आणि त्यातली एक गावभागात आली.

वरून बघितलेला नकाशा. रेषा ओढायच्या, रेषांनी जागा बंद करायची, त्या जागेला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड किती ते सांगायचं. मग त्यात शत्रू, गोळ्या, औषधं, किल्ल्या. एखादी रेषा अशी ठेवायची की ती ओलांडली की लांब कुठेतरी दार उघडेल. सगळं झालं की मशीन त्या नकाशाचे स्वतःला समजतील असे तुकडे पाडत बसायचं. ४८६ वर त्याला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात आम्ही वर जाऊन जेवून यायचो. आणि भारनियमनाची वेळ झाली तर सगळं पहिल्यापासून.

पहिली लेव्हल बनवताना बहुतेकजण आपलंच घर बनवतात. अमेरिकेतल्या पोरांनी बनवलं, फिनलंडमधल्यांनी बनवलं, दादानेही बनवलं. पण डूमच्या नकाशात एका खोलीवर दुसरी खोली ठेवता येत नाही. प्रत्येक ठिकाणाला एकच जमीन आणि एकच छत. त्यामुळे आमची माडी वर्गावर बसेना. दादाने दोन दिवस डोकं खाजवलं आणि माडी उचलून परसात विहिरीशेजारी ठेवली. जिना चढून गेलं की विहिरीकाठी पोचायचं. मामाला दाखवल्यावर तो चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "देवघर कुठं गेलं?" देवघर माजघराच्या कोनाड्यात होतं. दादाने तिथे शंभर हेल्थ देणारा निळा गोळा ठेवला होता.

ही लेव्हल आता नाही. २००५ च्या महापुरात वर्गात पाणी शिरलं तेव्हा मशिनं माडीवर चढवता आली, फ्लॉप्यांचे डबे राहिले. पाणी उतरल्यावर दादाने त्या फ्लॉप्या उघडून, आतल्या चकत्या पुसून, उन्हात वाळवल्या. त्यांतली एकही वाचली नाही. त्याने ते घर पुन्हा बनवलं नाही. मी बरेचदा म्हटलं. "नको गं, आता मला बाकीचं पण आठवेल," असं काहीतरी तो एकदा म्हणाला. मामा त्याच वर्षी गेला होता.

लोक विचारतात, आणि त्यांनी विचारावं, की या सगळ्यात गोळ्या आणि रक्त आहे त्याचं काय. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. ती मुलं डूम खेळत आणि त्यांतला एक तर डूमच्या लेव्हल्स बनवत असे. आमच्या पेपरांतही ते आलं. दादाने त्या उन्हाळ्यात एडिटर उघडला नाही. मी त्याला समजवायला गेले की करोडो लोक खेळतात, एकाने केलं म्हणून काय, तेव्हा तो म्हणाला, "मला माहिताय. पण त्याच एडिटरात तोही असाच बसत असेल ना गं, रात्रीचा." या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पावसाळा सरला आणि तो पुन्हा बसू लागला. नवीन लेव्हलमधला पहिला शत्रू पाठमोरा होता.

मी पुण्याला शिकायला गेले. तिथल्या सायबर कॅफेत रात्रीच्या रात्री काउंटर-स्ट्राइक चालायचं, आणि जगातल्या सगळ्या कॅफेंसारखं तिथेही बहुतेक वेळ एकच जागा: डस्ट टू. भगव्या दगडाच्या भिंती, दुहेरी दारं, लांब बोळ. काउंटर-स्ट्राइक हाच मुळी हाफ-लाइफवर हौशी मुलांनी केलेला खेळ, आणि ते डस्ट बनवलं होतं इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलाने. हे कळल्यावर मी एसटीडी बूथवरून दादाला फोन केला. त्याने काउंटर-स्ट्राइक कधी मनापासून खेळलं नाही. तिथे शत्रू म्हणजे दुसरी माणसं. कुणाचं तोंड कुठे ठेवायचं हे बनवणाऱ्याच्या हातात नाही, म्हणायचा.

त्याला आवडत ते इटलीहून कुठे, स्वीडनहून कुठे एकेकट्याने बनवलेले डूमचे नकाशे. कारमॅकने १९९७ च्या नाताळाआधी डूमचा मूळ कोड सगळ्यांना देऊन टाकला, म्हणून तो खेळ प्रत्येक नव्या मशीनवर चालत राहिला आणि लेव्हल्स थांबल्या नाहीत. कसाली बंधूंचा प्लुटोनिया, १९९६ चा, तो दर वर्षी एकदा खेळायचा. दोघा भावांनी मिळून केलेला आणि अतिशय कठोर. त्यात आर्च-व्हाइल फार. आर्च-व्हाइल म्हणजे मेलेल्या शत्रूंना हात लावून उठवणारा शत्रू. दादा खेळताना त्याचं कौतुक करायचा, पण आपल्या लेव्हलमध्ये त्याला कधी घेतलं नाही. एकदा संपवलेलं माणसाला पुन्हा संपवायला लावणं त्याला पटत नसे.

या सगळ्या लेव्हल्स जिथे जमा होतात त्या भांडाराची देखभाल टाय हॅल्डरमन नावाचे अमेरिकन गृहस्थ अनेक वर्षं करत होते. स्वतः लेव्हल्स करणारे, टीम टीएनटी या लेव्हलकारांच्या गटातले. आलेली प्रत्येक फाइल बघून, जागेवर लावून. २०१५ मध्ये ते वारले तेव्हा दादाने मला मुद्दाम फोन केला. त्यांना तो भेटलेला नव्हता, एक ओळ लिहिलेली नव्हती. "आता फायली कोण लावणार गं," एवढंच म्हणत राहिला. तोपर्यंत तो स्वतः डायलिसिसवर होता.

मिरजेला, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. डाव्या हाताला सुया, तो हलवायचा नाही. उजवा हात मोकळा. त्या उजव्या हाताखाली जेवणाच्या ट्रेवर माऊस आणि मांडीवर लॅपटॉप. मामी शेजारच्या स्टुलावर जपमाळ घेऊन. शेजारच्या खाटेवरचे काका पहिल्यांदा म्हणाले, घराचा नकाशा काढताय काय, सिव्हिल का? पुढे पुढे ते काका सुचवायला लागले की इथं एक जिना द्या. दादाने दिला. त्या लेव्हलमध्ये एक जिना आहे, दगडी, तो कुठेच जात नाही. वर एक मेडिकिट ठेवलेलं आहे, थकून चढणाऱ्याला.

औषधं ठेवण्यात दादाचा हात धरणारं कुणी मला भेटलेलं नाही. डूममध्ये बाटलीने एक हेल्थ वाढतं, लहान पेटीने दहा, मोठ्या मेडिकिटने पंचवीस. कंजूष बनवणारे खेळणाऱ्याला रडवतात, उधळे त्याला आळशी करतात. मामी जशी ताटाकडे न बघता समोरच्याची भूक ओळखून वाढते, तसं दादाला दालनाच्या शेवटी खेळणाऱ्याकडे काय उरलं असेल हे कळायचं. पंधरावर आलेलो असतो, श्वास कोंडलेला असतो, आणि वळणापलीकडे, थोडं आडोशाला, पंचवीस ठेवलेले असतात. दिसायला लगेच दिसत नाहीत. शोधायला मात्र एकच पाऊल.

त्याची शेवटची लेव्हल माझ्या नावाने आहे. फाइलीचं नावच चिमी. त्याच्यानंतर मामीने लॅपटॉप माझ्याकडे दिला, आणि तो उघडायला मी बरेच महिने लावले. एका रात्री घरातले सगळे झोपल्यावर खेळायला बसले. पहिला इंप पाठमोरा होता, ते बघूनच मला थांबावं लागलं. पुढे एक मोठं दालन येतं, चारी बाजूंनी दारं. लहानपणापासून माझी एक खोड आहे: असं दालन आलं की मी आधी मागे मागे सरकत डाव्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावते, म्हणजे मागून कुणी यायला नको. तशीच सरकले. कोपऱ्याच्या अलीकडे त्याने एक रेषा ठेवली होती. ती ओलांडली आणि माझ्या पाठीमागची भिंत सरसर वर गेली. आत एक इंप, अगदी कानाशी. मी किंचाळले. नवरा उठून बाहेर आला. त्या इंपाच्या पायाशी, त्याच कोनाड्यात, एक मोठं मेडिकिट होतं. दुसरं कुणीही खेळलं असतं तर ती भिंत कधी उघडलीच नसती. त्या कोपऱ्यात जाण्याचं काही कारणच नाही, तिथे घेण्यासारखं काही नाही, रस्ता उजवीकडून आहे. ती भिंत जगात एकाच माणसासाठी केलेली होती. मी हसत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

त्याच फोल्डरमध्ये एक डेमो होता. डूमचा डेमो म्हणजे चित्रफीत नव्हे. त्यात फक्त खेळणाऱ्याच्या हाताच्या हालचाली असतात. दर सेकंदाला पस्तीस वेळा चार आकडे: पुढे-मागे किती, बाजूला किती, किती वळला, आणि कुठलं बटण दाबलं. बस्स. चित्र त्यात नाही, शत्रू नाहीत. बाकीचं सगळं खेळ त्या वेळी नव्याने घडवतो, आणि ते अगदी तसंच घडतं, कारण डूममधलं नशीबसुद्धा ठरलेलं आहे: दोनशे छप्पन्न आकड्यांची एक यादी, दर खेपेला त्याच क्रमाने वाचली जाणारी. दादाचा डेमो साधारण अकरा मिनिटांचा आहे, नव्वद किलोबाइट. आपली लेव्हल नीट चालते का हे बघायला त्याने एकदा स्वतः खेळून ठेवला असणार. तो लावला की मी त्याच्या डोळ्यांनी बघते. एका हाताने खेळतो आहे हे कळतं. वळतो सावकाश, बाजूला सरकत नाही.

मध्ये एक खिडकी येते. बाहेर पाणी, पलीकडे तपकिरी दगडाच्या पायऱ्या. घाट केलाय हे सांगलीच्या माणसाला लगेच ओळखू येतं. तिथे तो थांबतो. बराच वेळ काहीच करत नाही. कदाचित मशीनने आवाज दिला असेल, कदाचित नर्स आली असेल रक्तदाब घ्यायला, कदाचित तो नुसताच बघत असेल. मी ती फाइल आकड्यांत उघडून पाहिली. त्या ठिकाणी शून्य, शून्य, शून्य, शून्य. पुन्हा शून्य, शून्य, शून्य, शून्य. सेकंदाला पस्तीस वेळा, ओळीच्या ओळी. त्याचा हात माऊसवर असतानाची, काही न करण्याची, ही एवढी नोंद आहे. मग एका ओळीत एक आकडा बदलतो आणि तो पुढे चालू लागतो.

लेव्हलमध्ये एक दोष आहे. पिवळ्या दारामागे दोन इंप त्याने एकमेकांच्या इतके जवळ ठेवलेत की दोघे एकमेकांत अडकलेत. डूममध्ये असे अडकलेले शत्रू जागचे हलत नाहीत, उभ्या जागेवरून आगीचे गोळे टाकत राहतात. औषधांमुळे हात थरथरत असेल, किंवा डुलकी लागली असेल. एडिटरात एकाला जरा बाजूला ओढलं की झालं, दहा सेकंदांचं काम. मी प्रत काढून तसं केलं, आणि त्या प्रतीवर दादाचा डेमो लावला. पिवळ्या दारापर्यंत सगळं बरोबर चाललं. दार उघडलं, सुटलेला इंप पुढे आला, आणि तिथून पुढे दादाच्या हालचाली आणि जग यांची फारकत झाली. तो रिकाम्या हवेत गोळ्या झाडत होता. भिंतीला धडका देत होता, दार नसलेल्या जागी दार उघडत होता, कारण त्याच्या आकड्यांप्रमाणे तो कधीच तिथून पुढे गेला होता. मी पडदा बंद केला आणि ती प्रत पुसून टाकली.

२०२३ च्या मार्चमध्ये व्हेज या टोपणनावाच्या एका लेव्हलकाराने मायहाउस ही लेव्हल बाहेर काढली. तिच्यासोबतची गोष्ट अशी, की लहानपणीचा मित्र वारला, त्याच्या जुन्या फ्लॉपीवर ही लेव्हल सापडली, ती त्याच्या आठवणीसाठी पूर्ण केली. सुरुवातीला साधं अमेरिकन घर. मग घर बदलायला लागतं, आतून वाढत जातं, दारं सरकतात. जगभरच्या लोकांनी तिच्यावर रात्री घालवल्या. मीही ती पूर्ण खेळले. त्या घरात खालच्या खोलीवर वरची खोली आहे, नव्या इंजिनात ती युक्ती जमते, आणि मी तो जिना चढताना मला आमच्या परसातली माडी आठवत राहिली. ते काम थोर आहे यात शंका नाही. पण त्यातलं शोक करणारं घर माणसाला गिळायला बघतं, आणि माझा अनुभव तसा नाही. दादाचं घर मला गिळत नाही. ते मला दचकवतं आणि पायाशी औषध ठेवतं.

त्या लेव्हलमुळे एक झालं. दादाने आपली एकही लेव्हल त्या भांडारात कधी पाठवली नव्हती. अजून थोडं काम राहिलंय, म्हणायचा. मी मामीला विचारलं. तिला सगळं समजलं असं नाही, पण स्विच बंद केल्यावर पुसलं जाणार नाही ना, एवढं तिने नीट विचारून घेतलं. फाइलीसोबत एक मजकूर भरून द्यावा लागतो. लेखक या रकान्यात मी आद्याक्षरं घालणार होते, त्याच्या सवयीप्रमाणे. मामी म्हणाली, "पूर्ण नाव घाल. मधे ह्यांचं पण." मामाचं नाव घालून पूर्ण नाव लिहिलं. बनवायला लागलेला वेळ: मंगळवार आणि शुक्रवार. इतरांनी यात बदल करून आपलं नवीन काही करायला परवानगी आहे का: आहे, कुणालाही. डेमो त्याच झिपमध्ये जोडला आणि तो फक्त या मूळ फाइलीबरोबरच चालतो असं स्पष्ट लिहिलं. शेवटी माहीत असलेले दोष. तिथे लिहिलं, की पिवळ्या दारामागचे दोन इंप एकमेकांत अडकलेले आहेत आणि हलत नाहीत. मूळ फाइलीत ते तसेच ठेवावेत.